राष्ट्रीय नागरी विमानवाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय उभारायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळ वाढले, विमानं वाढली की पाठोपाठ मागणी येते: देशाचं स्वतःचं नागरी विमानवाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय हवं. मंत्रालयातले अधिकारी, विमानतळ चालवणाऱ्या संस्था, शिक्षणक्षेत्रातली मंडळी, झालंच तर पालक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण पैसा आणि वर्षं नेमकी तिथेच वाया जातात.

असं महाविद्यालय म्हणजे मोठं फ्लाइंग स्कूलच ना?

नाही. वैमानिक सगळ्यांना दिसतो, म्हणून तोच आठवतो. पण एक विमान सुखरूप उतरतं तेव्हा त्यामागे हवाई वाहतूक नियंत्रक असतो, रडार आणि रेडिओ यंत्रणा चालू ठेवणारा अभियंता असतो, विमानाच्या देखभालीवर सही करणारा परवानाधारक अभियंता असतो, धावपट्टीच्या कामाची सूचना म्हणजे नोटॅम काढणारा माणूस असतो, अग्निशमन दल असतं, सामानाची तपासणी करणारे असतात. आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे नियामक संस्थेचे निरीक्षक असतात. राष्ट्रीय महाविद्यालयाने या साखळीचा विचार करायचा असतो. सगळे अभ्यासक्रम एकाच आवारात असले पाहिजेत असं मात्र नाही. भारतात नियंत्रकांचं प्रशिक्षण १९४८ पासून प्रयागराजच्या (तेव्हाच्या अलाहाबादच्या) केंद्रात होतं, तर वैमानिकांसाठीची राष्ट्रीय उडान अकादमी फुरसतगंजला आहे. नायजेरियाने झारियात १९६४ साली काढलेल्या महाविद्यालयात वैमानिक, नियंत्रक आणि अभियंते एकाच छताखाली शिकतात. दोन्ही पद्धती चालतात.

आपली माणसं परदेशात पाठवून शिकवली तर स्वस्त नाही का पडणार?

थोडी माणसं असतील तर पडतं. वर्षाला पाच-सहा नियंत्रक लागणाऱ्या देशाने स्वतःचं महाविद्यालय काढणं ही निव्वळ हौस आहे. अशा देशांसाठी प्रादेशिक संस्थेचा रस्ता चांगला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या देशांनी १९५९ साली हवाई मार्गदर्शनासाठी आस्कना ही सामाईक संस्था काढली आणि तिचं प्रशिक्षण महाविद्यालय १९६३ पासून नायजरची राजधानी नियामे इथे चालतं. एकेकट्याला जे झेपलं नसतं ते सगळ्यांनी मिळून केलं.

गरज वाढली की गणित उलटतं. परदेशी पाठवलेल्या माणसाचा प्रवास, राहणं, फी हा खर्च दिसतो. न दिसणारा खर्च वेगळाच. तो माणूस दुसऱ्याच देशाच्या हवाई क्षेत्रावर, दुसऱ्याच यंत्रणेवर शिकून येतो आणि परतल्यावर त्याला आपल्याकडचं पुन्हा शिकवावं लागतं. शिवाय उजळणी प्रशिक्षण कुणीही सोडू शकत नाही. दर काही काळाने सगळ्या कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणं कुठल्याच खात्याला परवडत नाही.

महाविद्यालय असलं की देशाची सुरक्षा पातळी आपोआप सुधारते का?

नाही, आणि याची दोन बोलकी उदाहरणं आहेत. थायलंडमध्ये नागरी विमानवाहतूक प्रशिक्षण केंद्र १९६१ पासून आहे. तरीही २०१५ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, त्या देशाच्या नियामक यंत्रणेवर गंभीर आक्षेप जाहीर केला. तो मागे घ्यायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. भारताचा दर्जा अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये खाली आणला आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ववत केला. दोन्हीकडे ठणका एकाच जागी होता: विमान कंपन्यांची तपासणी करणारे प्रशिक्षित निरीक्षक पुरेसे नव्हते.

म्हणजे वैमानिक आणि नियंत्रक घडवणारी यंत्रणा जुनीजाणती असूनही देखरेख करणारी माणसं कमी पडली. नवं महाविद्यालय आखताना निरीक्षकांचा अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून यादीत ठेवा. त्यात विद्यार्थी कमी, फी जवळजवळ नाही, उद्घाटनाला फोटो नाही. त्यामुळे तो नेहमी ‘पुढच्या टप्प्यात’ ढकलला जातो.

सुरुवात कुठून करायची? जागेपासून की निधीपासून?

आकड्यांपासून. पुढच्या दहा वर्षांत कुठल्या पदांवर किती माणसं लागणार, किती निवृत्त होणार, किती नोकरी सोडून जाणार, हे आधी कागदावर यायला हवं. मग उलट दिशेने हिशेब करत यायचं.

समजा देशाला वर्षाला २४ नवे, पूर्ण पात्र नियंत्रक हवेत. महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांपैकी प्रत्यक्ष विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात, म्हणजे टॉवरवर, तीन चतुर्थांश टिकतात असं धरलं, तर महाविद्यालयाने ३२ जण उत्तीर्ण करायला हवेत. प्रवेश घेतलेल्यांपैकी ८० टक्के उत्तीर्ण होतात असं धरलं, तर प्रवेश ४० जणांना द्यायला हवा. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक देशाची गळती वेगळी. पण २४ हवेत म्हणून २४ खुर्च्या मांडणारे प्रस्ताव आजही तयार होतात.

याच हिशेबात आणखी एक अडचण लपलेली असते. नियंत्रकाचं शिक्षण महाविद्यालयात संपत नाही. तो टॉवरवर किंवा रडार केंद्रात अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून, खरी विमानं हाताळत, देखरेखीखाली शिकतो. एका कन्सोलवर, म्हणजे नियंत्रकाच्या कामाच्या मेजावर, एका वेळी एकच शिकाऊ बसू शकतो, आणि शिकवणारा नियंत्रकही त्या कामासाठी पात्र असावा लागतो. देशातले सगळे टॉवर मिळून एका वेळी दहाच शिकाऊ सामावू शकत असतील आणि महाविद्यालयाने ३२ जण एकदम पाठवले, तर बावीस जण घरी बसून राहतात. हाताला आलेली सफाई बघता बघता गंजते. म्हणून तुकड्यांचा आकार वर्गखोली पाहून ठरवू नका. टॉवरवर किती खुर्च्या मोकळ्या आहेत ते विचारा.

कोणते अभ्यासक्रम आधी सुरू करावेत?

नियंत्रक, रडार-रेडिओ यंत्रणांचे अभियंते, विमानतळ अग्निशमन आणि सुरक्षा. यांची मागणी देशातच असते, मालक बहुधा सरकार किंवा विमानतळ प्राधिकरण असतं आणि नोकरीचा प्रश्न नसतो. विमान देखभाल त्यानंतर, कारण तिला हँगर, इंजिनं आणि शिकवण्यासाठी निकामी केलेली विमानं लागतात. वैमानिक प्रशिक्षण शेवटी.

वैमानिक प्रशिक्षण शेवटी का? लोकांना तर तेच हवं असतं.

कारण ते सगळ्यांत महाग आहे आणि सगळ्यांत लवकर अडतं. विमानं घेणं हा सोपा भाग. ती रोज उडती ठेवणं हा खरा उद्योग.

इंधनाचंच पाहा. सेसना १७२ सारख्या पिस्टन इंजिनाच्या प्रशिक्षण विमानाला पेट्रोलच्या जातीचं इंधन, म्हणजे अ‍ॅव्हगॅस लागतं. जेट विमानांचं इंधन प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळतं, अ‍ॅव्हगॅस मात्र अनेक देशांत पिंपांमधून आयात करावं लागतं. जहाज लांबलं की विमानं जमिनीवर. म्हणून काही संस्था जेट इंधनावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या विमानांकडे वळल्या, उदाहरणार्थ डायमंड डीए ४० ची एनजी आवृत्ती. त्या इंजिनांच्या देखभालीची शिस्त आणि सुट्या भागांचा पुरवठा वेगळा असतो, तेव्हा निर्णय माहितीपत्रक पाहून घेण्यासारखा नाही. आपल्या देशात त्या इंजिनाचा अधिकृत दुरुस्ती करणारा कुठे आहे, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरा अडसर गर्दीचा. व्यग्र विमानतळावर शिकाऊ विमान प्रवासी विमानांच्या मागे टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, थांबतं. इंजिन चालू, तासमापक पुढे सरकतोय, विद्यार्थी काहीही शिकत नाहीये आणि नोंदवहीत तास मात्र जमा होतोय. अशा तासांनी परवान्याला लागणारा २०० तासांचा आकडा भरतो, वैमानिक तयार होत नाही. थायलंडच्या केंद्राने वर्ग बँकॉकमध्ये आणि उड्डाणं हुआ हिनला ठेवली, त्यातलं शहाणपण हेच.

जागा निवडताना आणखी काय पाहावं?

वर्षात उडता येण्याजोगे दिवस किती, हा उड्डाण शाखेसाठी कळीचा मुद्दा. नियंत्रक आणि तंत्र शाखांना हवामानाची पर्वा नाही. त्यांना चालू विमानतळ जवळ हवा, कारण प्रत्यक्ष टॉवर दाखवता येतो आणि कामावरचे नियंत्रक पाहुणे व्याख्याते म्हणून येऊ शकतात. आडगावी जमीन फुकट मिळते म्हणून महाविद्यालय तिथे नेलं, तर प्रशिक्षक कुटुंब घेऊन येत नाहीत. फुकटची जमीन मग सगळ्यांत महाग ठरते.

सिम्युलेटर कोणता आणि किती घ्यावेत?

विक्रेते तुम्हाला ३६० अंशांचा टॉवर सिम्युलेटर दाखवतील. पाऊस पडतोय, धुकं उतरतंय, धावपट्टीवर दिवे लागतायत. पाहणारे मंत्री खूश होतात. टॉवरच्या प्रशिक्षणाला तो उपयोगी आहेच. पण खरेदीच्या कागदात हमखास सुटतात त्या गोष्टी तीन.

पहिली, शेजारच्या खोलीतली माणसं. शिकाऊ नियंत्रक माइकवर सूचना देतो तेव्हा पलीकडे कुणीतरी वैमानिकाच्या भूमिकेत बसून सूचना परत म्हणतो आणि कीबोर्डवर विमान वळवतो, उतरवतो. यांना स्यूडो पायलट म्हणतात. तो माणूस गोंधळला, उशिरा उत्तर देऊ लागला की सरावाची मजाच जाते. शिकाऊला चूक आपली की त्याची, हे कळेनासं होतं. एका माणसाला एकाच वेळी अनेक विमानं सांभाळावी लागतात, तेव्हा त्यांना स्वतंत्र प्रशिक्षण आणि नियमित पगार लागतो. कित्येक ठिकाणी ही पदं मंजूरच झालेली नसतात. मग त्या खोलीत प्रशिक्षकच बसतात आणि शिकाऊच्या खांद्यामागे उभं राहायला कुणी उरत नाही.

दुसरी, सरावाचे प्रसंग. सिम्युलेटरसोबत आलेले तयार सराव कुठल्यातरी काल्पनिक विमानतळाचे असतात. आपलं हवाई क्षेत्र, आपल्या डोंगररांगा, आपल्याकडची लष्करी बंदी क्षेत्रं, आपली गर्दीची वेळ हे सगळं घालून नवे सराव लिहायला एक छोटा विभाग कायमचा लागतो.

तिसरी, वेळेचं गणित. समजा रडार सिम्युलेटरवर चार जागा आहेत, दिवसाला प्रत्येकी पाच सराव होतात, म्हणजे वीस. बारा जणांच्या तुकडीला प्रत्येकी साठ सराव हवे असतील तर ७२० सराव, म्हणजे ३६ कामाचे दिवस, तेही यंत्र एकदाही बंद न पडता. अशा वर्षाला किती तुकड्या बसतात हे पाहिल्यावर महाविद्यालयाची खरी क्षमता कळते. वसतिगृहातल्या खाटा मोजून ती कळत नाही.

प्रशिक्षक कुठून आणायचे?

सगळ्या प्रश्नांत हा अवघड, आणि माझ्या मते बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे. इमारत दोन वर्षांत होते, सिम्युलेटर निविदेने येतो. वीस वर्षं रडारवर काढलेला आणि शिकवायची आवड असलेला नियंत्रक निविदेने मिळत नाही.

तो आहे, पण टॉवरवर आहे. तिथे त्याला पाळीचा भत्ता आणि प्रत्यक्ष कामाचा भत्ता मिळतो. महाविद्यालयात बदली झाली की हे भत्ते थांबतात. म्हणजे चांगल्या माणसाला शिकवायला या म्हणायचं आणि त्याचा पगार कापायचा. मग येतात कोण? वैद्यकीय कारणाने कन्सोलवरून उतरवलेले, निवृत्तीला टेकलेले, किंवा वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून पाठवलेले. त्यांच्यातही उत्तम शिक्षक निघतात, पण तो नशिबाचा भाग झाला. वैमानिक प्रशिक्षकांची तऱ्हा वेगळी. तरुण वैमानिक तास जमवण्यासाठी शिकवतो आणि विमान कंपन्यांची भरती सुरू झाली की महिनाभरात निम्मे प्रशिक्षक निघून जातात. भरतीची लाट आली की विद्यार्थीही जास्त येतात, प्रशिक्षक नेमके तेव्हाच कमी.

उपाय कागदावर साधे आहेत. प्रशिक्षकपदावर असताना पूर्ण कार्यभत्ता चालू ठेवायचा. नियुक्ती तीन ते पाच वर्षांची, त्यानंतर टॉवरवर परत, आणि शिकवलेली वर्षं बढतीत धरायची. मधल्या काळात परवाना जिवंत राहावा म्हणून महिन्यातले काही दिवस प्रत्यक्ष पाळी करू द्यायची. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत आधी मोडणारी, कारण वेळापत्रक करणाऱ्याला ती नकोशी असते. पाच वर्षं कन्सोलला हात न लावलेला प्रशिक्षक काल बदललेली कार्यपद्धती पुस्तकातून शिकवतो. विद्यार्थ्यांना ते दुसऱ्या दिवशीच कळतं.

आणि हो, उत्तम नियंत्रक म्हणजे उत्तम शिक्षक असं नसतं. हात चालतो पण तोंडाने सांगता येत नाही, असे पुष्कळ. नियुक्तीआधी शिकवण्याचं प्रशिक्षण आणि पहिले काही महिने जुन्या प्रशिक्षकाच्या सोबत वर्ग, एवढं तरी हवंच.

महाविद्यालय कुणाच्या अखत्यारीत असावं?

जगात सगळे नमुने सापडतात. सिंगापूरची १९५८ पासूनची अकादमी तिथल्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाचा भाग आहे. प्रयागराजचं केंद्र भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं. टूलूजची एनाक ही संस्था १९४९ साली स्थापन झाली, ती फ्रेंच सरकारची, आणि ती अभियांत्रिकीच्या पदव्याही देते.

जपायचं ते एवढंच: परवाना देणारा आणि शिकवणारा एकच माणूस नसावा. नियामकच महाविद्यालय चालवत असेल तर परीक्षा, मान्यता आणि तपासणी हे काम निदान वेगळ्या विभागाकडे आणि वेगळ्या वरिष्ठाकडे हवं. नाहीतर आपलीच तुकडी आपणच नापास कोण करणार? दुसरीकडे, महाविद्यालय सामान्य शिक्षण खात्याकडे सोपवण्याची कल्पना अधूनमधून येते. तिथे प्रशिक्षकाच्या पात्रतेचे निकष पीएचडीपाशी अडकतात आणि रडारवर आयुष्य घालवलेला माणूस अपात्र ठरतो. माझा कौल हवाई वाहतूक नियंत्रणाची सेवा पुरवणाऱ्या संस्थेच्या जवळ असलेल्या, पण स्वतःचा अर्थसंकल्प आणि नेमणुकीचा अधिकार असलेल्या स्वायत्त संस्थेला.

आयकाओची मान्यता लागते का?

आयकाओ कुणालाही परवाना देत नाही आणि शाळांना कायदेशीर मान्यताही देत नाही. १९४४ च्या शिकागो करारातून ही संघटना निघाली. ती मानकं ठरवते, देश ती आपल्या नियमांत उतरवतात आणि प्रशिक्षण संस्थेला मान्यता त्या त्या देशाचा नियामक देतो. जाहिरातीत ‘आयकाओ मान्यताप्राप्त’ असं लिहिलेलं दिसलं तर नेमकं काय म्हणायचंय ते विचारा. बहुधा ती संस्था आयकाओच्या ट्रेनएअर प्लस कार्यक्रमाची सदस्य असते. ते सदस्यत्व उपयोगाचं आहे. सदस्य संस्थांनी ठराविक पद्धतीने तयार केलेले अभ्यासक्रम एकमेकांना वापरता येतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट शून्यापासून लिहावी लागत नाही.

परवान्यांच्या किमान अटी काय असतात?

शिकागो कराराचं पहिलं परिशिष्ट हा पाया. त्यानुसार व्यावसायिक वैमानिकाचं वय किमान १८ आणि उड्डाणाचे २०० तास लागतात. मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमातून आल्यास १५० तास चालतात. एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला १५०० तास आणि वय २१. नियंत्रकाचं वय २१ आणि मान्य प्रशिक्षणानंतर किमान तीन महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष नियंत्रण. देखभाल अभियंत्याला चार वर्षांचा अनुभव, मान्य अभ्यासक्रम केला असेल तर दोन वर्षं. ही जागतिक किमान पातळी झाली. देश आपापल्या नियमांत यापेक्षा कडक अटी घालू शकतात, आणि घालतातही.

शेवटच्या दोन आकड्यांकडे नियोजनकर्त्यांनी लक्ष द्यावं. चांगल्या मान्य अभ्यासक्रमामुळे अभियंता दोन वर्षं आधी हाताशी येतो. महाविद्यालयाचा फायदा एवढ्या थेट शब्दांत दुसरीकडे कुठेच लिहिलेला नाही.

इंग्रजीवर वेगळा भर द्यावा लागतो का?

लागतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक हाताळणाऱ्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना आयकाओच्या सहा पायऱ्यांपैकी निदान चौथी गाठावी लागते. चौथ्या पायरीवरच्यांची दर तीन वर्षांनी पुन्हा चाचणी होते, सहावीवरच्यांना ती लागत नाही.

ठरलेली वाक्यं पाठ करून काम भागतं, हा समज धोक्याचा आहे. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितलं होतं, पण आणीबाणी जाहीर केली नाही, आणि परिस्थिती किती बिकट आहे ते पलीकडे पोचलंच नाही. नेहमीच्या वाक्यांच्या बाहेर पडून अडचण स्पष्ट सांगता येणं, ऐकणाऱ्याने ती ओळखून उलट प्रश्न विचारणं, याचा सराव हवा. साहित्याचा प्राध्यापक आणून ते साधत नाही. विमानवाहतूक कळणारा भाषाशिक्षक आणि सिम्युलेटरवरचा सराव यांची सांगड घालावी लागते.

अग्निशमन प्रशिक्षण नगरपालिकेच्या केंद्रात उरकता येईल?

पाया तिथे होईल, विमानाचं नाही. विमानतळावरच्या दलाने धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचावं, अशी आयकाओची अपेक्षा आहे. पोचल्यावर पेटलेल्या इंधनातून माणसं बाहेर काढायची असतात. त्यासाठी विमानाच्या आकाराचा लोखंडी सांगाडा, खरी आग आणि फोम वाहून नेणारी मोठी गाडी लागते. जुन्या फोममधली फ्लोरीनयुक्त रसायनं जमिनीत आणि भूजलात वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून सरावाची जागा निवडताना विहिरी, नाले आणि निचऱ्याची व्यवस्था आधी पाहा.

नापास होणाऱ्यांचं काय करायचं?

प्रवेशाच्या वेळीच ठरवून ठेवायचं. नियंत्रक प्रशिक्षणात काही जण गळणारच. बुद्धी असते, मेहनत असते, पण सात विमानांचं चित्र एकाच वेळी डोक्यात धरता येत नाही. अशांना नोटॅम काढणारी माहिती सेवा किंवा विमानतळ संचालनाकडे वळवण्याची सोय नसली की दबाव सुरू होतो: एवढा खर्च झालाय, करा पास. त्या दबावाखाली पास झालेला माणूस पुढे टॉवरवर अडतो, तोवर खर्च दुप्पट झालेला असतो. प्रवेशाआधी चांगली कल चाचणी घेतली तर ही गळती कमी होते.

पैसा कुठून उभा करायचा?

उभारणीला सरकारी अनुदान किंवा परदेशी मदत मिळते. चालवायला मिळत नाही, आणि खरी कसोटी तिथेच. सिम्युलेटरचा देखभाल करार, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या, स्यूडो पायलटांचे पगार, विमानांचे सुटे भाग हे दरवर्षी येणारे खर्च आहेत. हवाई मार्गदर्शनाच्या सेवेबद्दल विमान कंपन्यांकडून मिळणाऱ्या शुल्कातला ठराविक हिस्सा प्रशिक्षणाला बांधून दिला तर महाविद्यालय दर अर्थसंकल्पात हात पसरत नाही. केवळ विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी संस्था हळूहळू वैमानिक अभ्यासक्रमाकडे झुकते, कारण फी तिथेच मिळते.

पहिली तुकडी कधी बाहेर पडेल?

प्रशिक्षक आधीपासून हाताशी असतील तर नियंत्रक आणि तंत्र शाखांची पहिली तुकडी भाड्याच्या इमारतीतही सुरू करता येते. नव्या आवाराची वाट पाहू नये. सुरुवातीचे अभ्यासक्रम एखाद्या जुन्या संस्थेकडून घ्यावेत, त्यांचे प्रशिक्षक दोन-तीन तुकड्यांसाठी बोलवावेत आणि प्रत्येकाशेजारी आपला एक माणूस शिकायला बसवावा. परदेशी तज्ज्ञ मायदेशी परतल्यावर वर्ग चालू राहतात का, हे त्या शेजारी बसलेल्या माणसावर ठरतं. त्याची मध्येच बदली होणार नाही, असं करारातच लिहून घ्या.

चांगलं चाललंय हे बाहेरच्याने कसं ओळखावं?

उत्तीर्णांची टक्केवारी विचारू नका, ती कुणीही वाढवू शकतं. टॉवरवरच्या मुख्य नियंत्रकाला विचारा, या महाविद्यालयातून आलेल्यांना स्वतंत्र काम द्यायला किती महिने लागतात, आणि ते पूर्वीपेक्षा कमी झालेत का. प्रशिक्षकांची किती पदं रिकामी आहेत ते विचारा. सिम्युलेटरची नोंदवही मागून पाहा.

विद्यार्थ्याने किंवा पालकांनी प्रवेशाआधी काय तपासावं?

आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या वर्गाचं आणि नियंत्रकाला तिसऱ्या वर्गाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. रंगदृष्टीची अडचण अनेकांना इथेच पहिल्यांदा कळते, तोवर फीचा पहिला हप्ता भरून झालेला असतो. मग संस्थेला देशाच्या नियामकाची चालू मान्यता आहे का, आणि ती नेमक्या त्याच अभ्यासक्रमासाठी आहे का, ते नियामकाच्या यादीत पाहा. वैमानिक अभ्यासक्रम असेल तर उडत्या अवस्थेतली विमानं किती आणि विद्यार्थी किती, हे थेट विचारा. हँगरमध्ये उभी असलेली विमानं त्यात धरू नका.